आधी बातम्या, मग गोष्ट

उकाड्याची खूण अगदी सोपी आहे. उजव्या हाताचं बोट कपाळावरून आडवं फिरवायचं आणि घाम निपटल्यासारखं झटकायचं. झालं. गिरणीत मागांच्या खात्यात ही खूण सगळ्यांना यायची. मी ती एका गुरुवारी संध्याकाळी केली. आठवीत होते. त्या एका खुणेने मी पाच माणसांना घरी बसवलं, आणि त्यातले एक माझे वडील होते.

वाचणारा म्हणेल, काय बाई नाटकी आहे ही! आहेच मी नाटकी. नसते तर हे झालंच नसतं. पण जे सांगतेय ते जसं घडलं तसं सांगतेय, आणि आमच्या इंदूरच्या बोलीत सांगतेय. कोणाला खटकलं तर खटकू दे.

परदेशीपुऱ्यात गिरणीच्या लाइनीत आमच्या दोन खोल्या होत्या आणि पुढे दगडी ओटला. बाबा मागांच्या खात्यात. तिथे शेकडो माग एकदम चालायचे. तो आवाज ज्याने ऐकला नाही त्याला सांगून काही उपयोग नाही. मी एकदा डबा द्यायला गेले होते, तर दारातच माझे दात वाजायला लागले. तिथे ओरडून काही होत नाही, म्हणून तिथली माणसं ओरडतच नसत. आवाज न काढता, ओठ मोठेमोठे हलवून बोलायची, जोडीला हाताच्या खुणा, आणि तीस पावलांवरचा माणूस ते वाचायचा. मिशीला पीळ दिला म्हणजे जॉबर, खात्याचा मुकादम, आला. गळ्याशी गाठ ओढली म्हणजे टायवाला साहेब. हवेत दांडा ओढला म्हणजे माग थांबव. हिंदी, मराठी, माळवी, सगळं त्याच एका तोंडात. पंधरा-वीस वर्षांत कान जायचे, पण तोवर डोळ्यांना ऐकू यायला लागलेलं असायचं.

बाबांचे कान मी पाचवीत असताना गेले. कुकरची शिटी त्यांना कळायची नाही. पण समोरच्या ओटल्यावर दोन बायका काय कुजबुजतायत ते जेवताना आईला सांगायचे. आई कपाळावर हात मारायची. म्हणायची, "ह्या माणसाच्या राज्यात पुटपुटायचीसुद्धा चोरी!"

फक्त रेडिओपुढे त्यांचं काही चालेना. रेडिओला ओठ नसतात.

आणि रेडिओचा त्यांना भारी नाद. दर गुरुवारी संध्याकाळी प्रादेशिक बातम्या संपल्या की एक गोष्टीवाला यायचा. आधी बेसूर बँडची धून, मग त्याचा खर्जातला आवाज: "तो भिया, हुआ क्या के..." गोष्टी एका लहानशा गावाच्या. गावाचं नाव त्याने कधी सांगितलं नाही. म्हणायचा, नाम बता दिया तो रेल रुकने लगेगी, फिर गांव कहां बचेगा. त्या गावातल्या डॉक्टरकडे एकच औषध होतं, फक्त बाटल्यांचे रंग वेगळे. हलवायाची जलेबी कधी गोल व्हायची नाही आणि तो म्हणायचा, पोटात कोण बघायला जातंय. एक पोस्टमन होता, तो वाईट बातमीचं पत्र पिशवीत मागे ठेवायचा, माणूस जेवून उठला की मग द्यायचा. उपाशी पोटी रडू नये माणसाने, असं त्याचं म्हणणं. ह्या पोस्टमनवर माझा फार जीव होता.

बाबांना ऐकू येत होतं तोवर ते ह्या गोष्टी दुसऱ्या दिवशी गिरणीत सगळ्यांना सांगायचे, माग चालू असताना, ओठांनी. कान गेले तेव्हा त्यांनी मला समोर बसवलं. म्हणाले, "बेटा, तू ऐक आणि मला बोल." म्हणजे आवाज न काढता बोल. मला ती भाषा लहानपणापासून येत होती, घरात तीच तर चालायची. मी ट्रान्झिस्टर कानाला लावायची आणि ऐकलेलं ओठांनी पुढे द्यायची. काही मराठीत, काही तसंच हिंदीत.

बाबांचं बघून त्यांच्या शेजारच्या मागांवरचे काका यायला लागले. काका म्हणजे बाबांचे जोडीदारच, दोघांनी एका वर्षी काम धरलेलं, दोघांचे कान पाठोपाठ गेलेले. मग त्याच खात्यातले आणखी तिघं. पाच माणसं ओटल्यावर मांडी घालून माझ्या तोंडाकडे बघत बसायची. सेल महाग, म्हणून ते मी दिवसभर पत्र्यावर उन्हात ठेवायची, संध्याकाळी त्यांना अर्धा तास जान यायची. आवाज इतका बारीक की कानाला चिकटवल्याशिवाय कळायचा नाही. म्हणजे ऐकणारी मी एकटी. लाइनीत मला सगळे रेडिओच म्हणायला लागले. "ए रेडिओ, पाणी आलं का बघ गं." मला त्याचा माज होता. अभिमान वगैरे नाही, माज.

ती पाचही माणसं हसायची तीही आवाज न काढता. खात्यातली सवय. माना खाली, खांदे गदागदा हलतायत, डोळ्यांतून पाणी, आणि आवाज म्हणाल तर शून्य. एकदा रस्त्याने जाणारा एक म्हातारा सायकल थांबवून आईला विचारता झाला, "कौन गुजर गया, बाई?"

बाबांचा एक नियम होता. आधी बातम्या, मग गोष्ट. मला बातम्यांचा कंटाळा. धरण, मंत्री, मंडीतले भाव. मी तोंड वेंगाडायची. ते म्हणायचे, "आधी पोटोबा, मग विठोबा. चल, बातम्या."

आणि त्या दिवसांत त्यांना बातम्या हव्या होत्या त्याला कारण होतं. गिरणीचं काही खरं नव्हतं. आधी दुपारचा भोंगा वाजेनासा झाला. मग कापूस येईना, सूतखात्याला कुलूप लागलं. चिमणीचा धूर थांबला आणि तिच्या तोंडावर घारी बसायला लागल्या. मागच्या फाटकातून ताडपत्री बांधलेले ट्रक बाहेर जायचे. आत काय आहे विचारलं की दरवान दुसरीकडे बघायचा. शाळेत मास्तर सांगत होते की आता देश खुला होतोय, बाहेरच्या कंपन्या येणार, घरोघरी नवीन वस्तू येणार. मी घरी येऊन हे बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "येऊ दे की. पण आम्हाला कुठे घालवणार ते विचारलंस का?"

मग बाबांच्या खात्याला ले-ऑफ दिला. काम नाही, फक्त सोमवारी गेटवर जाऊन सही करायची. बाबा म्हणायचे, "गिरणी थांबलीय, पण माझ्या कानात माग चालूच आहेत. दांडा ओढा रे कोणीतरी." हे ते हसून म्हणायचे. आई हसायची नाही.

एकच आशा होती. गिरणी बंद झाली तरी शहरातल्या दुसऱ्या एका गिरणीत काही विणकरांना घेणार, असं बोललं जात होतं. कधी, किती, कोणाला, कोणालाच माहीत नव्हतं. बाबा आणि काका त्या एका गोष्टीवर तगून होते. कान गेलेल्या माणसाला दुसरीकडे कोण ठेवणार? मागांमध्ये मात्र बहिरेपणाची अडचण नसते, तिथे सगळेच तसे. म्हणून दर गुरुवारी बातम्यांच्या वेळी बाबा माझ्या ओठांवरून नजर हलू द्यायचे नाहीत. गिरणीचं काही आलं नाही की सुस्कारा टाकायचे आणि म्हणायचे, "बरं. आता गोष्ट."

आता तो गुरुवार.

आदल्या गुरुवारी गोष्टीवाल्याने आम्हाला टांगून ठेवलं होतं. त्याच्या गावात एकच बँड, आणि त्या बँडला एकच धून यायची. वरातीलाही तीच, मयतीलाही तीच. झालं असं की एकाच दिवशी, एकाच वेळी, एका बोळाच्या ह्या तोंडाने वरात आली आणि त्या तोंडाने अंत्ययात्रा. दोन्हीकडची सुपारी बँडवाल्याने घेतलेली. बोळ असा अरुंद की मागे फिरता येत नाही. बँडवाला मधोमध उभा, तोंडात पिपाणी. आणि तिथेच मेला म्हणाला, "बाकी अगले गुरुवार." आठ दिवस मला दुसरं काही सुचलं नाही. वैशाखातल्या सुट्ट्या होत्या, डोकं रिकामं. मी दहा शेवट रचले आणि दहाही टाकून दिले.

बाबा आणि ते चौघं दुसऱ्या दिवशी पहाटे सांवेरच्या बाजूला एका गावी निघणार होते. लग्नघरी मांडव घालायचा, पंगतीचं पाणी भरायचं, रविवारी परत. ले-ऑफमध्ये मिळेल ते काम करत होते सगळे. त्यामुळे त्या संध्याकाळी पाचही जण लवकर येऊन बसले.

बातम्या नेहमीच्याच होत्या. मी ओठ हलवत होते. धरण. मंत्री. गव्हाचे भाव. शेवटी, अगदी शेवटी, बातम्यावाल्या बाईंनी त्याच कोरड्या आवाजात आमच्या गिरणीचं नाव घेतलं. गिरणी बंद करायला परवानगी मिळाली आहे. मागांच्या खात्यातल्या ज्या कामगारांना दुसऱ्या गिरणीत जायचं असेल त्यांनी शनिवारी सकाळी दहा ते बारा, कार्ड घेऊन, स्वतः गेटवर येऊन नाव लिहवावं. जे येणार नाहीत त्यांची इच्छा नाही असं समजलं जाईल. समाचार समाप्त हुए.

आणि लगेच ती बेसूर धून.

माझे ओठ थांबले होते. बाबांनी भुवया उंचावल्या. काय? काकाही पुढे झुकले. मी हे सांगितलं असतं तर कोणी गोष्ट ऐकायला थांबलं नसतं. पाचही जण उठले असते, बायकांना हाका मारल्या असत्या, रडारड झाली असती, मला पाच वेळा तेच परत विचारलं असतं, आणि इकडे कानात तो बोळातला बँडवाला निघून गेला असता. परत कधी ऐकायला मिळणार होता तो?

मी कपाळावरून बोट फिरवलं आणि झटकलं. उकाडा. ऊन वाढणार म्हणे.

पाचही जणांनी माना डोलवल्या. बाबांनी सुस्कारा टाकला. "बरं. आता गोष्ट."

पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले की त्यांचे चेहरे पडलेले मला बघवले नसते म्हणून मी तसं केलं. झूठ. साफ झूठ. मला गोष्ट ऐकायची होती. मला ती त्यांना सांगायची होती आणि त्यांना हसवायचं होतं, बस. आणि मनात तो पोस्टमन होताच. म्हटलं, जेवून उठले की देते बातमी.

गोष्ट तर अशी रंगली म्हणता! बँडवाल्याने डोळे मिटून धून वाजवायला सुरुवात केली. वरातीची घोडी बावचळली आणि तिरडीच्या मागे चालायला लागली. नवरदेव मसणात पोचला. तिकडे सकाळपासून उपाशी असलेले मयतीतले लोक धुनीच्या मागे मागे लग्नमांडवात जाऊन पंगतीला बसले, दाल-बाफले हाणले. आणि शेवटी गेलेल्या म्हाताऱ्याची बायको म्हणते, "जिंदगी में पहली बार टाइम पे निकले थे, उसमें भी बैंड वाले ने लेट करवा दिया!"

बाबा हसता हसता आडवे झाले. काकांनी त्यांच्या पाठीत धपाटे घातले. पाच माणसं आमच्या ओटल्यावर आवाज न करता लोळत होती, आणि मी मधोमध बसून त्यांच्याकडे बघत होते. इतकं छान मला आयुष्यात पुन्हा कधी वाटलं नाही. हेही सांगूनच टाकते.

मग बाबा जेवले. कितीतरी दिवसांनी दोन पोळ्या जास्त घेतल्या. जेवता जेवता आईला गोष्ट सांगितली आणि परत हसले. मी म्हटलं, हात धुऊ देत. हात धुतले, ओटल्यावर चादर टाकली आणि तिथेच झोपले. मी म्हटलं, सकाळी. उठून बघते तर चादर घडी करून ठेवलेली. गेले होते.

शुक्रवारी लाइनीत गडबड होती. ज्यांनी बातम्या ऐकल्या होत्या ते ट्रंका उपसून कार्डं शोधत होते. आमच्याकडे कोणी आलं नाही. पुढे कळलं, सगळ्यांना वाटलं, त्यांना काय सांगायचं, रेडिओ तर त्यांच्याच घरात आहे! काकांच्या आणि त्या तिघांच्या घरी पण कोणी गेलं नाही, तेही आमच्याच ओटल्यावर बसणारे ना. आई सकाळीच तुकोगंजला जायची, तिथे एका दवाखान्यात कामाला होती, अंधार पडता परत. मी दिवसभर दारात बसून होते. कोणीतरी येईल, आईला सांगेल, आणि माझी सुटका होईल, ह्याची वाट बघत. सांगणारी तर मीच होते. आईला एक वाक्य बोलले असते तर ती त्याच पावली सांवेरच्या बसमध्ये बसली असती. पण आधी माझ्या दोन थोबाडीत ठेवून दिल्या असत्या, आणि मग विचारलं असतं, कालच का नाही सांगितलंस?

शनिवारी आई कामाला गेल्यावर मी ट्रंक उघडली. बाबांचं कार्ड एका प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीचं तोंड सुताने बांधलेलं. त्यावर मागावरची गाठ, तुटलेला धागा जोडतात ती. बारीक, चपटी, ओढली की आणखी घट्ट. मला ती सुटेना. दाताने सूत तोडलं आणि कार्ड घेऊन पळत गेटवर गेले.

रांग गिरणीच्या भिंतीला लागून वळणापर्यंत गेली होती. ऊन असं की खरोखरच सगळे कपाळावरून बोट फिरवत होते. टेबलावरच्या बाबूने कार्ड बघितलं, मला बघितलं. "जिसका कार्ड है, वो खुद आए."

"बाहर गए हैं. पांच लोग हैं, सब इसी खाते के. कल आ जाएंगे. नाम लिख लो ना, भैया."

तो उठून मागच्या केबिनमध्ये गेला. काचेचं दार लावून घेतलं. आत खुर्चीत एक साहेब होता. बाबूने पाच बोटं दाखवली. साहेबाने मान वर न करता काहीतरी म्हटलं. काचेतून आवाज येत नव्हता, पण मला आवाजाची गरज कुठे होती? तो म्हणाला, "पांच कम हुए तो अच्छा ही है. लिस्ट वैसे ही लंबी है." बाबू बाहेर आला आणि म्हणाला, "साहब को बहुत बोला बेटा, पर नियम है."

मी घरी आले. पिशवीचं तोंड बांधलं. मला येत होती ती, वेणीच्या रिबिनीची दुहेरी गाठ. कार्ड होतं तिथे ठेवलं.

संध्याकाळी आईला नळावर कळलं. ती घागर तिथेच टाकून आली. "आज गेटवर नावं लिहून घेतली म्हणे! रेडिओवर सांगितलं होतं म्हणतात. तू ऐकलं नाहीस?"

"नाही," मी म्हटलं. "रेडिओवर काही नव्हतं."

ती दारातच खाली बसली.

रविवारी दुपारी पाचही जण आले, लग्नातले लाडू कागदात बांधून. आईने दारातच बाबांना सांगितलं. बाबांनी तिला परत बोलायला लावलं, त्यांना वाटलं आपण ओठ चुकीचे वाचले. मग ते आत गेले. ट्रंक उघडल्याचा आवाज आला.

सोमवारी पाचही जण गेटवर गेले. यादी चिकटवून झाली होती. कोणी भेटलं नाही. संध्याकाळी ते सगळे ओटल्यावर येऊन बसले, गुरुवारी बसायचे तसेच, आपापल्या जागेवर. आणि काकांनी मला समोर बोलावलं. रागाने नाही. ते ओठांनी म्हणाले, "बेटा, गुरुवारी बातम्यांत होतं का हे?"

पाच जणांचे डोळे माझ्या तोंडावर. माझे ओठ थरथरत होते, आणि ते सगळे थरथरणंसुद्धा वाचू शकणारे लोक होते.

तेवढ्यात बाबांनी मध्ये हात घातला. दोन बोटं जोडली आणि उताणी पाडली. सेल. मग ओठांनी म्हणाले, "सेल उतरले होते. बातम्या नीट लागल्याच नाहीत. माझीच चूक, मी नवीन आणले नाहीत."

काकांनी बाबांकडे बघितलं. मग माझ्याकडे. सेल उतरले होते तर अख्खी गोष्ट कशी ऐकू आली, हे न कळण्याइतके काका भोळे नव्हते. पण बावीस वर्षं शेजारी उभे राहिलेले ते. "हव," एवढंच म्हणाले आणि उठले. बाकीचे त्यांच्यामागे उठले. आमच्या ओटल्यावर पुन्हा कधी कोणी बसलं नाही.

सगळे गेल्यावर बाबांनी मला आत नेलं. ट्रंकेतून कार्डाची पिशवी काढली. ती रिबिनीची गाठ माझ्यासमोर धरली, तिच्यावर बोट ठेवलं. विचारलं काही नाही. मारलं नाही. मारलं असतं तर मी त्यांची आजन्म ऋणी राहिले असते. गाठ तशीच ठेवून पिशवी वरच्या फळीवर टाकली, आणि त्यानंतर बाबांनी माझ्या ओठांकडे बघणं बंद केलं.

म्हणजे काय ते नीट सांगते. ते माझ्याशी बोलायचे. जेवलीस का, अभ्यास झाला का, सगळं. पण मी बोलायला तोंड उघडलं की त्यांची नजर माझ्या हातांवर जायची, किंवा भिंतीवर. मला काही सांगायचं असलं तर पाटीवर लिहून दाखवायचं, नाहीतर आईकडून. आईच्या, शेजाऱ्यांच्या, भाजीवालीच्या ओठांकडे ते बघायचे. फक्त माझ्याच नाही. ट्रान्झिस्टर कोनाड्यात पडून राहिला, आत सेल पाझरून हिरवे झाले.

बाबांनी मग हातगाडीवर केळी विकली, नंतर एका लग्नाच्या कार्यालयात खुर्च्या मांडायचं काम केलं. काकांना विजय नगरला वॉचमनची नोकरी लागली. तिकडे तेव्हा शेतं बुजवून मोठमोठ्या इमारती उठत होत्या. एका दुपारी बांधकामावर मागे येणारा ट्रक त्यांना ऐकू आला नाही. ड्रायव्हर म्हणे हॉर्न वाजवत होता. बाबांना हे मी सांगितलं नाही, आईने सांगितलं. ते दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होते. मी चहा नेऊन ठेवायची आणि गार झालेला परत आणायची.

लोक मला समजावतात. माझा नवराही म्हणतो, अगं, ती दुसरी गिरणीही सहा वर्षांनी बंदच पडली ना. पडली. पण सहा वर्षं! सहा वर्षं काका मागांपुढे उभे राहिले असते, जिथे कोणालाच ऐकू येत नाही.

आई गेल्यावर मी बाबांना माझ्याकडे आणलं. तेही विजय नगरलाच, तिसऱ्या मजल्यावर. पाटी बरोबर आणली, कार्डाची पिशवीही. मशीन घेऊन दिलं कानाचं, ते खणात पडून असतं. गेल्या वर्षापासून त्यांचं थोडं इकडचं तिकडे व्हायला लागलं. भोंगा झाला का विचारायचे. डबा भर म्हणायचे. खिडकीतून मॉलची रोषणाई दिसली की म्हणायचे, पाळी सुटली वाटतं.

एका दुपारी मी भाजी निवडत होते. बाबा आतून आले आणि माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले. गुडघ्यांवर हात. ओटल्यावर बसायचे तसे. आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागले.

मी मेथी बाजूला ठेवली. पन्नाशीच्या जवळ आलेली बाई मी, आणि तोंड उघडायची भीती वाटली. ते ओठांनी म्हणाले, "सुरू कर की. वेळ झाली."

मी आवाज न काढता म्हटलं, "तो भिया, हुआ क्या के..."

त्यांनी हवेत दांडा ओढला. थांब. "आधी बातम्या."

मग मी बातम्या सांगितल्या. धरण, मंत्री, गव्हाचे भाव. आणि शेवटची, शब्दन् शब्द. मला ती पाठ आहे. शनिवारी सकाळी दहा ते बारा, कार्ड घेऊन, स्वतः. सांगताना मी रडत होते, त्यामुळे ओठ वाकडे होत होते, तर त्यांनी मला एक वाक्य परत सांगायला लावलं.

"शनिवारी ना?" ते म्हणाले. "मग सांवेरला नाही जात आम्ही. लग्नवाल्याला निरोप धाड. आणि काकाला आत्ताच सांगून ये, नाहीतर झोपून राहील तो." मग म्हणाले, "माझं कार्ड काढ."

मी पिशवी आणून दिली. गाठ माझीच होती, त्या दिवसापासून कोणी सोडली नव्हती. बाबांनी ती नखाने सोडली. कार्ड बाहेर काढून बघितलं, परत आत ठेवलं. त्यांची बोटं हल्ली शर्टाचं बटण लावू शकत नाहीत. पण सुताची दोन टोकं हातात आली आणि एका क्षणात त्यांनी मागावरची गाठ मारली, बारीक, चपटी. ओढून बघितली. पिशवी माझ्या हातात दिली.

"वर ठेव," ते म्हणाले. "परवा लागेल. हं, आता गोष्ट."